लिहायचं कुठं? : सातारा-सांगलीचा एक हिशेब

परवा कऱ्हाडला कार्यकर्त्यांचं शिबिर झालं. भाषणं झाली, ठराव झाले, शेवटी प्रश्नोत्तरं. पलूसकडचा एक पोरगा उभा राहिला. म्हणाला, "सर, मी लिहितो. दोन-तीन वह्या भरल्यात. पण पाठवायचं कुठं? आपलं छापणार कोण?" व्यासपीठावरच्या एका वक्त्यानं त्याला सल्ला दिला : आधी भरपूर वाचा, भाषा सुधारा, मग बघू. टाळ्या पडल्या. पोरगा खाली बसला.

मीही व्यासपीठावर होतो. मी काही बोललो नाही. घरी आल्यावर मात्र झोप लागेना. कारण 'भाषा सुधारा' हा सल्ला मी एकदा अगदी मनापासून पाळला आहे आणि त्यापायी एका माणसाची आख्खी जिंदगी गमावून बसलो आहे. ते पुढं सांगतो. आधी त्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर दिलं पाहिजे. ते उत्तर मुंबई-पुण्याच्या प्रकाशकाच्या टेबलावर नाही, आपल्याच दोन जिल्ह्यांच्या इतिहासात आहे. मसूर, वाटेगाव, आटपाडी, फलटण ही चार गावं डोळ्यांपुढं ठेवा. दलित माणसानं कसं लिहिलं, कुठं छापलं, किती वर्षं वाट बघितली, हे सगळं या चार गावांत सापडतं.

सुरुवात मसूरच्या स्टेशनावर करू.

सुभेदार रामजी आंबेडकर तेव्हा खटाव तालुक्यात गोरेगावला खजिनदाराच्या नोकरीवर होते. मुलं साताऱ्यात. ७ नोव्हेंबर १९०० ला भिवाचं नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झालं. आज आपण तिला प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखतो. १९०१ च्या उन्हाळ्यात बापानं पोरांना सुट्टीला बोलावलं. भीमराव, थोरला भाऊ आणि बहिणीची मुलं नवे कपडे घालून आगगाडीनं मसूरला उतरली. न्यायला कुणी आलेलं नव्हतं. येत असल्याचं पत्र बापापर्यंत पोचलंच नव्हतं. स्टेशनमास्तर आधी आपुलकीनं बोलला. पोरं महाराची आहेत हे कळल्यावर तो मागं सरला. बैलगाडीवाले तयार होईनात. शेवटी ठरलं ते असं : दुप्पट भाडं द्यायचं, गाडी पोरांनी हाकायची आणि गाडीवान बाजूनं चालणार. बरोबर भाकरतुकडा होता, पण प्यायला पाणी कुणी देईना. मुसलमान असल्याचं सांगून बघितलं, तरी टोलनाक्यावरच्या माणसानं पाणी दिलं नाही. पोरं उपाशी झोपली.

ही हकिकत बाबासाहेबांनी स्वतः इंग्रजीत लिहिली. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावानं ती ओळखली जाते. आता कार्यकर्त्यांनी तारखा नीट बघाव्यात. प्रसंग १९०१ चा. कागदावर आला १९३५-३६ च्या सुमारास. पुस्तिका म्हणून पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं ती काढली १९९० साली. प्रसंग घडला तेव्हा बाबासाहेब नऊ वर्षांचे होते. लिहिला तेव्हा ते चाळिशी ओलांडलेले बॅरिस्टर होते, महाडचं तळं आणि काळाराम मंदिर या दोन्ही लढ्यांतून गेलेले. पुस्तिका निघाली तेव्हा त्यांच्या महापरिनिर्वाणाला तेहेतीस वर्षं होऊन गेली होती. म्हणजे घडण्यापासून छापण्यापर्यंत जवळजवळ नव्वद वर्षं. एवढा काळ ती साक्ष टिकली याला कारण एकच, तिचा कागद टिकला.

दुसरी गोष्ट तिच्या लिहिण्याची. त्या हकिकतीत आक्रोश नाही. स्टेशनमास्तरला शिवी नाही. कोण आलं, काय म्हणालं, भाडं किती, गाडी कुणी हाकली, पाणी कुणाकडं मागितलं, एवढंच आहे. वाचणाऱ्याच्या घशाला आपोआप कोरड पडते. आमच्या तरुण कवींना मी नेहमी सांगतो, शंभर वेळा 'अन्याय' लिहिण्यापेक्षा 'दुप्पट भाडं' एकदा लिहा.

*

आता छापण्याचा प्रश्न. इथं १९२० हे साल ध्यानात ठेवायला हवं.

या साली आपल्याकडच्या किर्लोस्करवाडीला 'किर्लोस्कर खबर' निघालं. तेव्हा ती वाडी औंध संस्थानात होती, आज सांगली जिल्ह्यात आहे. नांगराचा कारखाना, कारखान्याचा छापखाना, मालाची जाहिरात, आणि त्यातून वाढत वाढत मोठं मासिक. पुढं १९३० ला 'स्त्री' आणि १९३४ ला 'मनोहर' याच वाडीतून निघाली. ज्याच्याकडं यंत्र होतं त्याच्याकडं मासिक आलं. त्यांनी चांगलं काम केलं, ते नाकारायचं कारण नाही. पण पाया काय होता तेही बघायला हवं.

त्याच साली, ३१ जानेवारी १९२० ला, मुंबईत बाबासाहेबांचा 'मूकनायक' निघाला. इथं यंत्र नव्हतं, भांडवल नव्हतं. राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते म्हणून संपादक म्हणून नाव दुसऱ्याचं घालावं लागलं. 'केसरी'नं तर पैसे देऊनही 'मूकनायक'ची जाहिरात छापली नाही. फुकट लेख छापा अशी विनंती नव्हती, रोख पैसे मोजून दिलेली जाहिरात होती. तीही नाकारली गेली. मग १९२७ ला 'बहिष्कृत भारत', १९३० ला 'जनता', १९५६ ला 'प्रबुद्ध भारत'. एक बंद पडलं की दुसरं. 'बहिष्कृत भारत'चे रकानेच्या रकाने बाबासाहेबांना एकट्यानं भरून काढावे लागत, कारण लिहिणारी माणसं अजून तयार व्हायची होती.

म्हणून म्हणतो, 'आपलं छापणार कोण' हा प्रश्न नवा नाही. तो शंभर वर्षांचा आहे, आणि पहिल्याच वेळी त्याला उत्तर मिळालं होतं : आपलं आपण. मालकानं दार उघडावं म्हणून बाबासाहेब उंबऱ्याशी ताटकळले नाहीत. त्यांनी वेगळं घर बांधलं. मात्र त्या घरात लिहायला माणसं कमी पडली, हेही त्याच इतिहासात आहे. तेव्हा जागा होती आणि लिहिणारे नव्हते. आज उलटं झालंय का, की तेही नुसतं वाटतंय?

*

वाळवा तालुक्यातलं वाटेगाव. १ ऑगस्ट १९२० ला मातंग वस्तीत तुकाराम भाऊराव साठे जन्मला. शाळा दीड दिवसाची, ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पण दीड दिवसानंतर काय, हे फारसं कुणी सांगत नाही. पोरगा बापाबरोबर पायी मुंबईला गेला. मिळेल ते काम केलं. अक्षरं दुकानांच्या पाट्यांवरून, सिनेमाच्या जाहिरातींवरून गोळा केली. गिरणी कामगारांत वावरला. आधी छापून आला नाही, आधी गायला. पोवाडा, लावणी, वग. १९४४ ला अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक उभं केलं. म्हणजे अण्णा भाऊंना वाचक मिळायच्या आधी श्रोते मिळाले. चौकात उभं राहून म्हटलेली ओळ पडली की तिथंच कळायचं. कुठलाच संपादक इतक्या लवकर साभार परत करत नाही!

कथा-कादंबऱ्या त्यानंतर. 'फकिरा' १९५९ ला आली, १९६१ ला तिला राज्य सरकारचं बक्षीस मिळालं. फकिरा कुणी कल्पनेतला राजपुत्र नव्हे. आपल्याच वारणाकाठचा, दुष्काळात वस्ती मरू नये म्हणून इंग्रजांच्या खजिन्यावर चालून गेलेला मांग. घरात आणि वस्तीत ऐकलेलं अण्णा भाऊंनी कागदावर आणलं. ते साम्यवादी, आपण आंबेडकरवादी, यावरनं आपल्यात पुष्कळ वाद झाले आणि अजून होतात. पण 'फकिरा' त्यांनी अर्पण केली ती बाबासाहेबांच्या लेखणीला. २ मार्च १९५८ ला मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं, त्याचं उद्घाटन त्यांनीच केलं. हा माणूस वर्षानुवर्षं घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत राहून लिहीत होता. १८ जुलै १९६९ ला गेला. २०२२ ला मॉस्कोत त्याचा पुतळा बसला. पुतळ्याचा आनंद मलाही झाला. पण वाटेगावच्या आसपासच्या वस्त्यांत फकिराच्या आणखी किती गोष्टी म्हाताऱ्यांबरोबर मातीत गेल्या, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही.

वाटेगावाहून पूर्वेला माणदेशात जाऊ. आटपाडी. १९२१ ला शंकरराव खरात इथं जन्मले. आटपाडीजवळच्या माडगूळ्याचे ग. दि. आणि व्यंकटेश हे माडगूळकर बंधू. तोच दुष्काळ, तीच माणदेशी माती. पण गावकुसाच्या आतून दिसणारा माणदेश वेगळा आणि बाहेरून दिसणारा वेगळा. खरातांचे वडील गावकीचं काम करायचे. तराळ म्हणजे सरकारचा, गावाचा सांगावा घेऊन दारोदार फिरणारा. अशा घरातला मुलगा औंधला शिकला, वकील झाला, 'प्रबुद्ध भारत'चा संपादक झाला, मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला. 'बारा बलुतेदार', 'सांगावा' हे कथासंग्रह लिहिले, १९८१ ला 'तराळ-अंतराळ' हे आत्मकथन दिलं. १९८४ ला जळगावच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले.

खरातांकडून शिकायचं ते हे की मोठ्या व्यासपीठावर जायला हरकत नाही, पण बापाच्या कामाचं नाव पुस्तकावरून पुसायचं नाही. आमच्यातले काही मित्र नोकरी लागली की आडनाव बदलतात, वस्ती बदलतात, आणि कविता लिहितात पावसावर. पावसावर जरूर लिहा. पण तो पाऊस तुमच्या वस्तीत कुणाच्या छपरातून गळत होता तेवढं लिहा.

चौथं गाव फलटण, आणि इथं मला जास्त थांबायचं आहे. बेबीताई कांबळे फलटणला छोटं दुकान चालवायच्या. पुड्या बांधायला रद्दी यायची. ती रद्दी त्या वाचायच्या. दुकानात गिऱ्हाईक नसलं की वहीत लिहायच्या. घरातल्या पुरुषांना कळू नये म्हणून वह्या लपवून ठेवायच्या. एकदोन वर्षं नव्हे, जवळजवळ वीस वर्षं. फलटणला राहून अभ्यास आणि शिक्षणाचं काम करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांना त्या लिखाणाचा पत्ता लागला, त्यांनी धीर दिला, आणि मग ते 'स्त्री' मासिकात क्रमशः आलं. १९८६ ला 'जिणं आमुचं' हे पुस्तक झालं. २००८ ला माया पंडित यांच्या इंग्रजी अनुवादानं ते जगभर गेलं. २०१२ ला बेबीताई गेल्या.

किर्लोस्करवाडीला नांगराच्या कारखान्याशेजारी जन्मलेलं मासिक, आणि फलटणच्या दुकानात लपवलेली वही. मध्ये पन्नास वर्षं आणि एक आख्खी समाजरचना. तरी ती वही त्या मासिकात पोचली. का पोचली? मासिक उदार झालं म्हणून? थोडं तेही असेल. पण तोपर्यंत आपली चळवळ उभी होती. १९६३ ला बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती!' आलं होतं. औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, १९६७ पासून पानतावणे सरांचं 'अस्मितादर्श' निघत होतं. १९७२ ला पँथर आणि 'गोलपिठा', १९७८ ला 'बलुतं'. १९८० ला फलटण तालुक्यातल्याच लक्ष्मण माने यांचं 'उपरा' आलं आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमी मिळालं. आपल्या लहान लहान अंकांनी वाचकाचा कान तयार केला, तेव्हा कुठं मोठ्या मासिकांची दारं किलकिली झाली. सायक्लोस्टाईलच्या शाईनं काळे झालेले हात त्या दाराला लागलेले आहेत, हे विसरू नका.

*

आता माझा हिशेब.

माझे चुलते, त्यांना आम्ही तात्या म्हणायचो. वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावात ते येसकरकी करायचे. समाजाच्या रात्रशाळेत अक्षर शिकले. दोनशे पानी वही होती त्यांची, शिसपेन्सिलनं लिहिलेली. वेशीवरच्या रात्री, मेलेलं ढोर ओढायचं बंद केलं तेव्हा गावानं टाकलेला बहिष्कार, १९५६ नंतर घरातले देव टोपलीत घालून नदीत सोडले त्या दिवशी आजी किती रडली आणि संध्याकाळी जेवताना कशी हसली, हे सगळं त्यात होतं.

मी नुकताच मास्तर झालो होतो. साल १९७९. वहीतली दहा पानं उतरवून एका मासिकाला पाठवली. चिठ्ठीसकट परत आली. चिठ्ठीत होतं : अनुभव चांगला आहे, भाषा अशुद्ध आहे. मला लाज वाटली. मासिकाची नव्हे, तात्यांच्या भाषेची! दिवाळीच्या सुट्टीत बसून मी सगळी वही 'सुधारून' काढली. 'व्हतं'चं 'होतं' केलं, 'आमास्नी'चं 'आम्हाला' केलं. शिव्या काढल्या. आजीचं हसणं काढलं, कारण दुःखाच्या प्रसंगी ते शोभत नव्हतं. स्वच्छ अक्षरात सत्तर पानं झाली. तात्यांना वाचून दाखवली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "चांगलं लिवलंस रं मास्तर. पन ह्यात मी कुठं हाय?"

मी हसण्यावारी नेलं. पुढं बदली झाली. घर हलवताना जुने पेपर, शाळेच्या वह्या रद्दीत घातल्या, त्यात ती वहीही गेली. प्रत स्वच्छ केली होती ना, मग मूळ कशाला ठेवायचं? १९८३ ला तात्या गेले. आम्ही तेव्हा सायक्लोस्टाईलवर अंक काढायचो. टाइपरायटरची रिबीन काढून स्टेन्सिल कापायची, चूक झाली की लाल औषध लावून फुंकर मारायची. त्या अंकात श्रद्धांजली म्हणून माझ्या स्वच्छ प्रतीतली चार पानं छापली. वस्तीत वाचली तेव्हा एक म्हातारी म्हणाली, "ह्ये तुमच्या साळंतलं दिसतंय." तात्यांचं आहे हे तिला ओळखूच आलं नाही.

बेबीताईंनी रद्दीतून वाचायला उचललं. मी लिहिलेलं रद्दीत घातलं. त्या सातवी-आठवीपलीकडं न गेलेल्यांच्या पिढीतल्या, आणि मी डी.एड. झालेला.

आज सातारा-सांगलीच्या प्रत्येक वस्तीत अशी एक तरी वही, एक तरी म्हातारी आहे. ज्यांनी गावकी केली, ज्यांनी धर्मांतराचा दिवस स्वतःच्या डोळ्यांनी बघितला, त्यातली बहुतेक माणसं गेली. उरलेली नव्वदीच्या आसपास आहेत. त्यामुळं त्या पलूसच्या पोराला आणि त्याच्यासारख्या सगळ्यांना चार गोष्टी सांगतो. उपदेश म्हणून नव्हे, चूक करून बसलेला माणूस म्हणून.

पहिली. लिहा ते तारीख, गाव, माणूस, पैसा यांच्यासकट लिहा. मसूरची हकिकत आठवा. शक्य असेल तर ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला आधी वाचून दाखवा. तो "ह्यात मी कुठं हाय" म्हणाला तर परत लिहायला बसा.

दुसरी. बोली सुधारू नका. शुद्धलेखन तपासायला हरकत नाही, पण तोंडातला शब्द बदलायचा नाही. आणि मूळ वही कधीही टाकायची नाही. आम्ही कार्बन घालायचो, तुमच्या हातात फोन आहे. पानापानाचा फोटो काढा, दोन-तीन घरांत ठेवा. म्हाताऱ्यांचं बोलणं त्यांच्याच आवाजात भरून घ्या.

तिसरी. पाठवायची जागा. आपल्या अंकांना आधी द्या, नसेल तर अंक काढा. दहा पानी का असेना. जयंतीला डीजेला जी वर्गणी जाते तिच्या चौथाईत वर्षाचा अंक निघतो. चौकात, विहारात वाचा. अण्णा भाऊ आधी गायले होते. सरकारकडं आपला हक्क आहे तोही घ्या. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे, राज्य वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या पुस्तकांसाठी वेगळे पुरस्कार आहेत. अर्ज करायला लाजू नका. तो कुणाच्या बापाचा पैसा नाही.

चौथी. सही करताना वाचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणं हक्क द्यायचा तर लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांचीच धरतात. लेखक गेल्यावर साठ वर्षं हक्क वारसांचा राहतो; अण्णा भाऊंच्या लेखनावरचा हक्क २०२९ संपेपर्यंत आहे. पुस्तक छापतो म्हणून कुणी कोऱ्या कागदावर सही मागितली तर कागद परत द्या. आपल्या आज्यापणज्यांचे अंगठे कोऱ्या कागदांवर पुष्कळ उठलेत.

राहता राहिला तो पोरगा. त्या दिवशी मी गप्प बसलो, ते चुकलं. त्याचा नंबर शिबिरवाल्यांकडून घेतलाय. येत्या रविवारी पलूसला जाणार आहे. त्याच्या वह्या बघायला नव्हे, तपासायला तर नव्हेच. त्या कुठं ठेवल्यात, ते ठिकाण कोरडं आहे का, एवढं आधी विचारणार आहे. मग त्यानं वाचायचं आणि मी ऐकायचं.

जयभीम.